डबा आणि पाटी

संगणकाच्या ज्या भागाकडे आपण दिवसभर पाहत असतो, त्याला मराठीत अजून सर्वमान्य नाव मिळालेले नाही. कोणी 'दृश्यपटल' म्हणतो, कोणी नुसते 'पडदा', आणि बहुतेक सारे 'मॉनिटर' म्हणून मोकळे होतात. आमच्या वडोदऱ्यातील मंडळाच्या कार्यालयात हा प्रश्न फार पूर्वीच निकालात निघाला होता. नळीचा जुना मॉनिटर तो 'डबा' आणि नंतर आलेला चपटा तो 'पाटी'. डबा १९९८ साली आला, पाटी २००६ साली. आणि पुढे पाच वर्षे दोघांनी एकाच खोलीत, एकाच त्रैमासिकाच्या सेवेत काढली. एक दाराजवळच्या टेबलावर, दुसरी खिडकीशी. इतका दीर्घ सहवास फार थोड्या कार्यालयांत या दोन जातींना लाभला असेल, कारण एरवी पाटी आत येत असे ती डब्याला बाहेर काढूनच.

आज या दोहोंची तुलना करणे म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणे, असे कोणी म्हणेल. निकाल तर केव्हाच लागला आहे. परंतु तो ज्या कसोट्यांवर लागला त्या कसोट्या आमच्या नव्हत्या. वजन म्हणाल तर डबा बारा-तेरा किलोंचा, पाटी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचीही नव्हे. वीज म्हणाल तर डब्याला ७० वॅटच्या आसपास, पाटीला २५-३०. जागेचे तर बोलायलाच नको. डब्याची पाठ भिंतीला टेकली की टंकफलक टेबलाबाहेर लोंबू लागे. शिवाय १५ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्याचा प्रत्यक्ष दिसणारा भाग १३.८ इंचांच्या घरात असे. पाटीचे १५ इंच मात्र खरोखरीचे १५ इंच. मे महिन्यातील वडोदऱ्याच्या दुपारी डबा खोलीत शेगडीसारखा बसून असे, हेही त्याच्याविरुद्धच्या आरोपपत्रात नोंदलेच पाहिजे. हे सारे मान्य. आमचा प्रश्न एवढाच होता की, मराठी मजकूर कोणावर नीट वाचता येतो? हा प्रश्न विक्रेत्याला विचारला, तेव्हा त्याने आमच्याकडे ज्या मुद्रेने पाहिले ती अजून स्मरणात आहे.

हा प्रश्न समजण्यासाठी दोन्ही यंत्रे अक्षर कसे काढतात ते थोडक्यात पाहावे लागेल. डब्यातील नळी ही मुळात कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाची. १८९७ साली स्ट्रासबर्ग येथे त्याने ती सिद्ध केली. नळीच्या निमुळत्या मानेत तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात, वीस-पंचवीस हजार व्होल्टच्या ओढीने पुढे धावतात, मानेभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांच्या चुंबकीय बळाने हवे तसे वळतात आणि पडद्याच्या आतल्या बाजूस दिलेल्या लेपावर आदळून उजेड पाडतात. हा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेक ओळ आखत सेकंदाला साठ, पंचाहत्तर किंवा पंचाऐंशी वेळा सारे पान नव्याने लिहून काढतो. म्हणजे डब्यावरचे पान कधीच 'लिहिलेले' नसते. ते सतत लिहिले जात असते.

पाटीचे तसे नाही. प्राग येथे १८८८ साली फ्रीड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला: एकदा गढूळ द्रव झाला आणि अधिक तापवल्यावर नितळ. ती गढूळ अवस्था म्हणजे द्रव-स्फटिक. द्रवासारखे वाहणारे, पण स्फटिकासारखी शिस्त पाळणारे. पाटीत मागे अखंड दिवा असतो आणि पुढे या पदार्थाच्या लाखो बारीक झडपा. १५ इंची पाटीवर आडवे १०२४ आणि उभे ७६८ असे चौकोन, म्हणजे ७,८६,४३२. आणि प्रत्येकात तांबडी, हिरवी, निळी अशा तीन झडपा. कोणती झडप किती उघडायची एवढेच काय ते ठरवायचे असते. आमच्या गावच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या जमिनी आहेत; एका मजल्याचा उजेड दुसऱ्या मजल्यावर झिरपतो. पाटीपुढे बसले की आम्हांला हटकून त्या काचांची आठवण होई. येथे अक्षर स्वतः उजळत नाही. मागच्या उजेडाला अडवून ते उमटते.

आता आपली लिपी घ्या. रोमन लिपीचा बहुतेक व्यवहार एका आडव्या पट्ट्यात आटोपतो. देवनागरीचे संसार तीन मजली. मधल्या मजल्यावर अक्षर, त्यावर शिरोरेषा, शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार यांची गर्दी, आणि तळमजल्यावर उकार. 'मूर्तींचे' हा साधा शब्द पाहा. 'ती' या एका अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे दाटीवाटीने बसले आहेत. दहा पॉइंटांचे अक्षर त्या काळच्या पडद्यावर मूळ आकारात जेमतेम तेरा ठिपके उंच असे. त्यांतून मधल्या मजल्याचे सहा-सात आणि खालच्या उकाराचे तीन वजा केले, तर या तिघांच्या वाट्याला तीन-चार ठिपके उरतात. एवढ्या जागेत रफार कोणता आणि अनुस्वार कोणता हे सांगणे यंत्राला जड आणि माणसाला त्याहून जड.

येथे डबा आणि पाटी यांचा स्वभावभेद कामाला येई. झोताचा ठिपका गोल असतो. मध्ये तेजस्वी, कडेला मंदावत गेलेला. शेजारचे दोन ठिपके एकमेकांत किंचित मिसळतात. त्यामुळे डब्यावरची वेलांटी, ठिपक्यांनीच बनलेली असली तरी, वळलेली दिसे. पाटीवरचा ठिपका चौकोनी आणि करकरीत कडांचा. तेथे तीच वेलांटी जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसे. पहिल्या दिवशी पाटीवर आमचा अंक उघडला तेव्हा सारा मजकूर कोणी भरतकामाच्या कापडावर टाके घालून विणला आहे असा भास झाला. उलट बाजूही सांगितली पाहिजे. डब्यावर सरळ रेषा म्हणून कधी सरळ नसे. पानाच्या माथ्यावरची शिरोरेषा धनुष्यासारखी वाकलेली, कोपऱ्यांतील अक्षरे धुरकट, आणि चौकटी आखाव्यात तर त्यांच्या बाजू पोट सुटल्यासारख्या. बटण दाबले की सारा पडदा थरथरून चुंबकदोष झटकून टाकी, तेवढ्यापुरते रंग ठिकाणावर येत. पण रेषा वाकडी ती वाकडीच. पृष्ठरचनेचे काम पहिल्या आठवड्यातच पाटीकडे गेले आणि ते योग्यच झाले. साठच्या गतीवर ठेवलेल्या डब्याची ती सूक्ष्म थरथर, आणि संध्याकाळी भुवयांच्या वर बसणारी ठणक, हीही पाटीने घालवली. आम्हांला स्वतःला विचाराल, तर दिवसाचे सहा तास ज्याला पडद्यापुढे काढायचे आहेत त्याने पाटीच घ्यावी, असेच आम्ही तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणू.

परंतु आमच्या त्रैमासिकाचे मुद्रितशोधन आम्ही एकट्याने करीत नव्हतो. ते करीत काका. मंडळातील लहानथोर सारे त्यांना काकाच म्हणत. शाळेत मराठी शिकवण्यात हयात गेलेली, वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकू लागलेले, आणि शस्त्रक्रियेचे नाव काढले की विषय बदलण्याची सवय. कागदावरचे मुद्रित ते भिंगाने वाचत. पण त्यांचा खरा जीव डब्यावर. त्यावर त्यांनी ८०० गुणिले ६०० अशी मांडणी लावून घेतली होती. अक्षरे ठसठशीत, मागून उजेड, मान वर. "कागद डोळ्यांपाशी आणावा लागतो रे, हा स्वतःच डोळ्यांपाशी येतो," असे ते म्हणत.

त्यांची नजर मंद असली तरी कान लिपीचे होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. एका वार्षिक अहवालात अक्षरजुळणी करणाऱ्याने 'आचार्यांचे मार्गदर्शन लाभले' याऐवजी 'आचाऱ्यांचे मार्गदर्शन लाभले' असे जुळवले होते. एकीकडे रफार, दुसरीकडे मराठीचा तो खास चंद्रकोरीसारखा अर्धा र. फरक एका बारीक वळणाचा. गुरुजनांच्या जागी स्वयंपाकी उभे राहिले असते. तिघांनी तो मजकूर वाचून पुढे पाठवला होता. काकांनी डब्यावर तो पाहिला, खुर्ची मागे सरकवली आणि विचारले, "जेवण बरे झाले होते, हे मला ठाऊक आहे. पण भाषण कोणी केले?" 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील अंतर ज्या डोळ्यांना दिसते, त्या डोळ्यांची किंमत छोट्या नियतकालिकाला विचारावी. दुसरा असा वाचक आमच्याकडे नव्हता.

खिडकीशी नवी पाटी बसली तेव्हा काकांनाही हौस वाटली. त्यांच्यासाठी तिच्यावर तीच ८०० गुणिले ६०० ची मांडणी लावली आणि सारा मजकूर दुधात भिजवल्यासारखा झाला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले, पुन्हा पुसला. त्यांना वाटले, मोतीबिंदू वाढला. त्यानंतर तीन-चार दिवस ते आलेच नाहीत. घरी गेलो तेव्हा अंगणात बसले होते, म्हणाले, "आता दुसरा कोणी पाहा."

त्यांच्या डोळ्यांना काहीही झाले नव्हते. झाले होते ते गणित. डब्याला ठरावीक चौकोन नसतात; झोत आठशे ठिपके आखो की हजार, पडदा त्याला नाही म्हणत नाही. पाटीचे चौकोन मात्र कारखान्यातच पक्के झालेले. ८०० ठिपक्यांचा मजकूर १०२४ चौकोनांवर पसरायचा, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला १.२८ चौकोन येतात. पाव चौकोन उघडता येत नाही; मग यंत्र शेजारच्या चौकोनांत करडा रंग भरून वेळ मारून नेते. एक ठिपका जाडीची शिरोरेषा कोठे एकपट, कोठे धूसर दुप्पट होते, आणि तिच्यावरचा अनुस्वार त्या धुक्यात विरघळतो. म्हणजे ज्याची नजर अधू, त्यालाच हे यंत्र सर्वांत कमी दाखवीत होते. तरुण डोळ्यांना मूळ मांडणीत पाटी लखलखीत. वृद्ध डोळ्यांनी अक्षर मोठे मागितले की ती पुसट.

हे काकांना समजावून सांगायला आम्ही कागदावर चौकोन आखले. आखणी पुरी होण्याआधीच ते उठले आणि शर्ट घालू लागले. दारात थांबून म्हणाले, "म्हणजे डबा अजून आहे ना?" होता. त्या दिवसापासून डबा हा काकांचा आणि पाटी आमची, अशी वाटणी झाली. कार्यकारिणीच्या एका सभेत 'जुना मॉनिटर काढून जागा मोकळी करावी' असा विषय आला, तेव्हा तो चर्चेविना पुढे ढकलण्यात आला. सारे काही इतिवृत्तात लिहावे लागत नाही.

दरम्यान पाटीवरच्या अक्षरांना मऊपणा आणण्याची युक्ती निघाली होती. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपीत २००१ पासून क्लिअरटाइप नावाची सोय होती. ती मुद्दाम चालू करावी लागे. प्रत्येक चौकोनातील तांबडी, हिरवी, निळी झडप स्वतंत्र ठिपका मानून अक्षराची कडा तिसऱ्या हिश्श्याने मागेपुढे सरकवायची, अशी ती कल्पना. रोमन अक्षरांचे उभे खांब त्याने सुरेख झाले. पण झडपा शेजारी शेजारी असतात, एकावर एक नव्हे. आडव्या दिशेची बारकाई तिप्पट झाली, उभ्या दिशेची होती तेवढीच राहिली. आणि आपली सारी गर्दी तर उभ्या दिशेने. काना गुळगुळीत झाला, त्यावरच्या रफार-अनुस्वारांचे भांडण तसेच. ज्यांनी ही युक्ती योजली त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर त्यांची लिपी होती. त्याच विंडोजमध्ये देवनागरीसाठी 'मंगल' हा टंक होता आणि तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. इतक्या थोड्या ठिपक्यांत मात्रा कोठे बसवायची याचा विचार त्या टंकात दिसतो. आम्हांला तो छपाईत कधीच फारसा रुचला नाही, पण पडद्यावर त्याने पुष्कळांची लाज राखली.

मुखपृष्ठांच्या बाबतीत पाटीने वेगळीच करमणूक केली. बसलेल्याला जो रंग हळदी दिसे तो मागे उभ्या असलेल्या अध्यक्षांना फिकट पिवळा आणि बाजूने डोकावणाऱ्या चिटणीसांना चक्क करडा. तिघेही आपापल्या जागी खरे. त्या काळच्या स्वस्त पाट्यांतील द्रव-स्फटिकांची रचना अशी होती की, समोरून पाहिले तरच झडपेचा हिशेब जमे. यावर जो उपाय निघाला त्याची कथा आपल्याला जवळची आहे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९७७ साली आपल्या सहकाऱ्यांसह असे दाखवून दिले की, काडीच्या आकाराचे रेणूच नव्हेत, तर चकतीच्या आकाराचे रेणूही द्रव-स्फटिक होऊ शकतात. पुढे १९९० च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने अशाच चकतीवजा रेणूंचा पातळ पापुद्रा तयार केला. तो पाटीवर चढवला की बाजूने पाहणाऱ्याचा रंग कमी बिघडतो. आमच्या पाटीत तो पापुद्रा असला, तरी त्याची ताकद अध्यक्ष आणि चिटणीस यांच्यात एकमत घडवून आणण्याइतकी नव्हती. मुखपृष्ठाचा रंग अखेरीस डब्यावरच ठरे. त्याच्यापुढे कोठेही उभे राहा, हळद ती हळद.

२०११ च्या पावसाळ्यात डबा गेला. एका सकाळी चालू केला तेव्हा सारे पान आटून मध्यावर एकच झगझगीत आडवी रेघ उरली. झोत डावी-उजवीकडे जात होता, वर-खाली नेणारा भाग निकामी झाला होता. दुरुस्ती करणाऱ्याने पाठ उघडून पाहिली आणि सुटा भाग मिळत नसल्याचे सांगितले. काका त्या रेघेकडे बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "शिरोरेषा तेवढी ठेवली आहे." मग त्यांनी स्वतःहून शस्त्रक्रियेचा विषय काढला. दोन्ही डोळे एका हिवाळ्यात झाले. पट्टी निघाल्यावर पाटीपुढे येऊन बसले, मूळ मांडणीत, अक्षरे जराही न फुगवता. पहिले वाक्य तिच्याविषयी नव्हतेच. ते म्हणाले की, इतकी वर्षे पांढरा कागद पिवळा होता हे आम्ही त्यांना सांगायला हवे होते. पुढची चार वर्षे त्यांनी अंक वाचले. शेवटच्या वर्षी पुतणीने दिलेल्या छोट्या पाटीवर दोन बोटांनी अक्षर मोठे करून ते मुद्रिते वाचत. तेथे अक्षर ताणले जात नाही, प्रत्येक वेळी नव्याने आखले जाते, आणि इंचामागे दोनशेहून अधिक ठिपके असल्याने 'मूर्तींचे' मधील तिघेही आपापल्या जागी स्वस्थ बसलेले असतात. चौकोन आखून समजावण्याची वेळ या खेपेस आली नाही.

डब्याचे काय करायचे हा प्रश्न उरला होता. भंगारवाला आला, त्याने डबा हलवून पाहिला आणि आपली अट सांगितली: मान फोडून तांब्याचे वेटोळे तो नेणार, काच येथेच ठेवणार. ही काच साधी नसते. वीस-पंचवीस हजार व्होल्टच्या झोताने क्ष-किरण निर्माण होतात. ते आतच अडावेत म्हणून नळीच्या मागच्या, नरसाळ्याच्या आकाराच्या काचेत वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक शिशाचे ऑक्साइड घातलेले असे. पडद्यापुढे काळसर काच टांगून किरणांपासून बचाव करणारे पुष्कळ लोक आम्ही पाहिले. त्या काचेने चकाकी कमी होई एवढेच, बचाव ती शिशाची काचच करीत होती. तीच उकिरड्यावर फुटली की शिसे मातीत उतरते. पाटीही सोवळी नाही. तिच्या जुन्या दिव्यांत काही मिलिग्रॅम पारा असे.

आमच्या गावापासून सत्तरएक किलोमीटरवर, भरुचला, व्हिडिओकॉनचा नळ्यांच्या काचेचा कारखाना होता. अमेरिकेसारख्या देशांनी टाकून दिलेल्या नळ्यांची काच तेथे येऊन वितळत असे आणि तिच्यापासून नव्या नळ्यांची काच बने. जगातले डबे अखेरच्या प्रवासाला आमच्या दारावरून जात होते, हे आम्हांला फार उशिरा समजले. नळ्यांना गिऱ्हाईक उरले नाही तशी ती भट्टीही थंडावली. ई-कचऱ्याविषयीचे नियम २०११ साली झाले आणि १ मे २०१२ पासून अमलात आले. त्यानंतर नोंदणीकृत संकलकाची गाडी गावात फिरू लागली. काकांच्या डोळ्यांची दुसरी पट्टी निघाल्यानंतर काही महिन्यांनी आम्ही डबा त्या गाडीत ठेवला. गाडीवाल्याने तो काट्यावर चढवला, बारा किलो सातशे ग्रॅम अशी नोंद केली आणि पावतीवर वस्तूच्या नावासमोर गुजरातीत 'टी.व्ही.' असे लिहिले. काका सोबत होते. त्यांनी पावती हातात घेतली, खिशातले पेन काढले आणि ते दुरुस्त केले.